गवताची गाठ

ताईला नोकरी हवी होती, पण इतकीही हवी नव्हती.

जंगलात हरवलेल्यांना शोधणाऱ्या पथकाची शिबिरं नदीकाठी भरायची. अडकून पडलात तर हाताला येईल त्यातून मासे कसे धरायचे, हे तिथं ताई शिबिराला आलेल्या पोरांना शिकवायची. टोपल्या विणण्यात तिची तीस वर्षं गेलेली. आजवर बोलावलं की जायचं, एवढंच. आता कायम करणार होते, फक्त मोठ्या सरांची सही बाकी.

सर तिचं काम बघायला आले त्या दिवशी तिनं ओल्या फांद्या घेतल्या, वाळक्या तरंगतात. वेलींनी बांधून त्यांचं लांबोळकं पिंप केलं. तोंडाशी फांद्यांचंच नरसाळं बसवलं, निमुळतं टोक आत. मासा ऐटीत शिरतो आणि परतायची वाट काही त्याला गवसत नाही. मागच्या बाजूला झाकण. ते मात्र तिनं पीळ दिलेल्या गवतानं बांधलं.

सरांनी बूट टेकवून झाकण ओढलं. गवत तुटलं.

"अहो बाई, हे काय? पंधरा दिवसांत कुजेल हे!"

"कुजायलाच बांधलंय, सर."

"म्हणजे?"

"हरवलेला माणूस सापडला की घरी पळणार. सापळा सोडवायला माघारी येणारे का तो? आतले मासे मरणार, त्यांच्या वासानं आणखी शिरणार, तेही मरणार. लहानपणी तारेनं बांधलेला एक सापळा मी विसरले होते. महिन्यानं उघडला. दोन दिवस घास उतरला नाही. गवत कुजलं की झाकण आपलं आपण पडतं."

"पुस्तकात नायलॉनची दोरी लिहिलीय." सरांनी बंडल तिच्या हातात कोंबलं. "उद्या हीच वापरा. मगच सही."

"हरवायला निघताना दोरीचं बंडल कोण घेतं हो बरोबर?"

पोरं फिदीफिदी हसली. सर लालबुंद. झालं, तिथंच बिनसलं.

शिबिराची जीप ताईचा धाकटा भाऊ चालवायचा. तो काकुळतीला आला. "ताई, एक गाठ मार गं! सही झाली की खुशाल गवत बांध. नायलॉन काय चावतंय तुला?"

"तू गाडी चालव. अक्कल नको चालवूस."

दुसऱ्या दिवशी सर फॉर्म घेऊनच आले. पाण्यात पोरांचे दहा सापळे, तोंडं प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पोटात दगड. सरांनी एकेक उचलून पाहिला. गवत. गवत. परत गवत.

"दोरी कुठंय?"

ताईनं वर बोट केलं. दोन झाडांमध्ये नायलॉन ताणलेलं, त्यावर पोरांचे ओले टॉवेल आणि तिची साडी.

"मजबूत आहे हो. तुमचं बरोबर होतं."

सरांनी फॉर्म घडी घालून खिशात टाकला. सही राहिली ती राहिलीच. भावानं कपाळाला हात लावला आणि जीप चालू केली.

चढता चढता ताई पोरांकडे वळली. "निघताना सगळे सापळे काढा रे. आणि विसरलात एखादा, तर तो बघेल त्याचं तो."