आतला हात, बाहेरचा हात

लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हापासून दोघी जावांना थोरली आणि धाकटी एवढीच नावं उरली होती. थोरली उंच, हाडापेराने दणकट, तोंडाने फटकळ. धाकटी बुटकी, आणि फटकळपणात थोरलीच्याही वरताण. पाण्याच्या नळावरून, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून, अगदी कुणाचा नवरा जास्त घोरतो यावरूनही त्या भांडत. कधीकधी महिनाभर दोघींमधून विस्तव आडवा जात नसे. पण रांजण घडवायला बसल्या की सगळं बाजूला राहायचं, कारण तिथे एकीचं दुसरीवाचून चालत नव्हतं.

साधं मडकं एकटी बाई घडवते. एका हाताने आतून दगडी गोटा टेकवायचा, दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकायचं, मग मधली माती पातळ होत फुगत जाते. कमरेएवढ्या रांजणाला मात्र एका बाईचे हात पुरत नाहीत. म्हणून धाकटी खोक्यावर चढून रांजणात अर्धी वाके आणि आतून गोटा धरी, थोरली बाहेरून ठोके. आतलीला बाहेरचं दिसत नाही, बाहेरचीला आतलं. ठोका पडणार तिथे गोटा आधी पोचलेला असावा लागतो, नाहीतर रांजणाचं पोट फाटतं. थोरली कधी पुढे सरकणार हे धाकटीला कसं कळायचं, देव जाणे. बाहेर भांडताना मात्र तिला थोरलीचं एक अक्षर कळत नसे.

छातीत कफ साचून धाकटी गेली, आणि थोरलीचे रांजण उभे राहीनात. तिने नवऱ्याला आत वाकवून पाहिलं. ठोक्यांच्या पहिल्याच ओळीला त्याने बोट चेचून घेतलं आणि वर बायकोलाच शिव्या दिल्या. शेजारणीला बसवलं, तर आत तिचा जीव घाबरा झाला. मग थोरलीने एकटीनेच चालवलं. खालचा भाग वाळू द्यायचा, वर थर चढवायचा, खांद्यापर्यंत हात घालून ठोकायचं. सकाळी बघावं तर रांजण एका कुशीवर बसलेला असे. लहान मडकी येत होती, विकलीही जात होती. पण जिने उभा जन्म रांजण केले तिने आता कुंड्या थापत बसायचं, हे तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटे.

धाकटीची मुलगी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने एकदा मोबाइलवर फोटो दाखवला. शहरातल्या मोठ्या मानववंश संग्रहालयात त्यांच्याच लोकांनी हजारो वर्षांपूर्वी घडवलेले रांजण मांडले होते. थोरली फोटोकडे बघत राहिली.

"पोरी, इतक्या हजारो वर्षांत एखाद्या बाईची जाऊ मेली नसेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे मागे उरली तिने काहीतरी केलंच असेल की. एकटीने करायची काही रीत असणार. मला ते रांजण आतून बघायचेत."

पुतणीने सुट्टी काढली आणि दोघी गेल्या.

दालन लांबलचक होतं आणि गार. फरशी इतकी गुळगुळीत, की थोरली भिंतीच्या कडेकडेने चालली. रांजण काचेआड होते, प्रत्येकावर वरून दिवा. एका रांजणाच्या तोंडावर तिरका आरसा लावला होता, म्हणजे खालून बघणाऱ्याला आतलं दिसावं. थोरली टाचा उंचावून त्यात बघू लागली. आत गोट्याचे खळगे होते, ओळीने, एकाला एक लागून. अगदी ओळखीचे. आता कळणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात चार माणसं घेऊन तिथल्या माहिती सांगणाऱ्या बाई आल्या. त्यांचा आवाज गोड होता.

"आरशात बघा, हे आतले ठसे. आणि हे बाहेरचे. आम्ही बोटांच्या खुणा तपासल्या. आतला हात एकीचा आहे, बाहेरचा दुसरीचा. एवढी मोठी भांडी दोघीजणी मिळून करायच्या. किती सुंदर आहे ना हे?"

लोक वा वा म्हणाले. थोरली पुढे झाली.

"एकटीने केलेला नाही एखादा?"

"नाही मावशी, एकही सापडलेला नाही."

"आणि दोघींतली एक मेली तर?"

बाई गोंधळल्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "ते मातीवरून कळत नाही हो, मावशी."

लोक पुढच्या काचेकडे गेले. थोरली तिथल्याच बाकावर बसली. हजारो वर्षांत कुणालाच जमलं नव्हतं. मागे उरलेल्या सगळ्या बायका तिच्यासारख्याच हात चोळत बसल्या असणार आणि मरून गेल्या असणार. पदराने तोंड झाकून ती रडली. धाकटी गेली तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं. त्या गडबडीत राहिलेलं रडणंही त्यात आलं.

पुतणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "काकू, मी बसू का तुझ्यासोबत? सुट्टीच्या दिवशी येत जाईन. शिकव मला."

थोरलीने मान वर केली. पोरीचे हात आईसारखेच आखूड होते, मनगटं रुंद. पण शेवटच्या दुखण्यात धाकटीने तिच्याकडून शब्द घेतला होता, 'माझ्या पोरीला त्या रांजणात वाकवू नको. ती शिकलीये, तिला शिकल्यासारखं जगू दे.' थोरलीने हो म्हटलं होतं. आता मनात आलं, धाकटी काय बघायला येणार आहे? असा विचार आल्याची तिला लाजही वाटली नाही. मोडावा शब्द, असं तिला फार फार वाटलं.

"नको," ती म्हणाली. "तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

"नक्की ना?"

"नक्की."

पुतणीने श्वास सोडला. हळूच सोडला, पण थोरलीने ऐकला. वर्गात आपलं नाव पुकारलं नाही म्हणजे पोरं सोडतात, तसा तो श्वास होता. थोरलीला राग नाही आला, पोरीचं काय चुकलं होतं? फक्त ती वाट बघत राहिली. पोरीने थोडा हट्ट धरला असता, पुन्हा एकदा 'शिकव ना' म्हटलं असतं, तर ती हो म्हणणार होती.

पुतणीने खांद्यावरची पर्स सावरली आणि उठली. "चल काकू, आत्ता निघालो तर बसमध्ये बसायला जागा मिळेल."