मामांचा उजवा पाय

जगातली माणसं तोंडाने बोलतात. माझ्या बायकोचे मामा उजव्या पायाने बोलतात. मामा बोरीवलीत राहतात आणि स्टील गिटार वाजवतात. ही गिटार छातीशी धरत नाहीत. ती समोर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. बघणाऱ्याचं लक्ष त्या हाताकडे जातं, पण मामांच्या मते हात म्हणजे नुसते हमाल. गाणं असतं ते पायाखालच्या पेडलमध्ये. टाच दाबली की आवाज खाली, चवडा दाबला की वर. तार छेडताना टाच दाबलेली हवी, मग अलगद चवडा. “तार छेडल्याचं कळलं, तर तो वादक नव्हे, लोहार. सूर कसा, कुणी न उठवता जागा झाला पाहिजे,” असं ते म्हणतात.

गिटार समोर नसली तरी पाय चालूच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी पार्किंगवरून घसा फाडायला लागले की मामांची टाच जमिनीत रुतते. शेजारच्या टीव्हीला टाच, रिक्षाच्या हॉर्नला टाच. आमची मुलगी तान्ही असताना रडायला लागली की आम्ही खुळखुळे वाजवायचो आणि मामा टाच दाबून गंभीरपणे तिच्याकडे बघत बसायचे. ती दमून गप्प झाली की श्रेय मामांचं.

साध्या पेडलची खरखर सहन होईना म्हणून त्यांनी बॅटरीवर चालणारं पेडल घेतलं आणि घराण्यात चौकोनी सेलचा प्रवेश झाला. सेल ताजा आहे की नाही हे मामा त्याची दोन्ही टोकं जिभेला लावून ठरवतात. “हा आंबट आहे, द्या. हा पाणचट, ठेवा तुम्हालाच.” स्टेशनजवळचा दुकानदार त्यांना येताना पाहिलं की सेलचा डबा काउंटरखाली ढकलतो. उष्टे सेल कुणाला विकू, असं त्याचं म्हणणं आहे आणि ते मला पटतं.

या पेडलची आणखी एक खोड. वाजवून झाल्यावर वायरची पिन काढून ठेवली नाही, तर सेल आतल्या आत उतरतो. तेव्हापासून मामांना कुठलीही लावलेली पिन बघवत नाही. एकदा घाटकोपरला आमच्याकडे दोन दिवस राहायला आले असताना, आम्ही सगळे लग्नाला निघालो तेव्हा ते शेवटी बाहेर पडले आणि जाता जाता फ्रिजची पिन काढून आले. परत आलो तर आतली सुरमई जिना उतरून आम्हाला भेटायला आली होती. बायकोने नाकाला पदर लावला, पण मामा म्हटल्यावर बोलणार काय? मीही काही बोललो नाही. मी तसाही कुणाला काही बोलत नाही. खरं बोलायची वेळ आली की मी पाणी प्यायला उठतो. या सवयीपायी किती माणसांना मी गोड बोलून फसवलं असेल, त्याचं ओझं वेगळंच.

मागच्या वर्षी मामांचा सूर हलायला लागला. जागा व्हायचा, पण अंगात कापरं भरल्यासारखा. मामांनी निदान केलं, सेल कमजोर. नवा सेल आला, तोही कमजोर. मग कंपनीला शिव्या. आम्ही घरची माणसं निमूटपणे सेल आणत राहिलो. मी तर अंधेरीहून खास महागातले आणले. खरं म्हणजे सोसायटीच्या पूजेच्या कार्यक्रमात सेल बदलायला म्हणून मी त्यांच्या पायाशी बसलो होतो आणि सगळं पाहिलं होतं. थरथरत होता तो पाय. मामींनाही ठाऊक होतं. पण हे सांगणं म्हणजे त्यांची गिटार खोळीत घालणं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

एका रविवारी चहा झाल्यावर मामांनी नवा सेल जिभेला लावला. खूप वेळ तसाच धरला.

“जावईबापू, हा आंबट आहे. परवाचाही आंबट होता,” ते म्हणाले. “तुम्ही खाली बसला होतात. खरं सांगा. सेल की पाय?”

पाण्याचा तांब्या समोरच होता.

“पाय,” मी म्हणालो.

मामांनी मान हलवली, पेडलची पिन काढली आणि चपला घालून खाली फिरायला गेले. मामी माझ्याकडे न बघता कपबश्या उचलत राहिल्या. त्यानंतर कितीतरी दिवस मी बोरीवलीला फिरकलो नाही. फोन वाजला की मी पाणी प्यायला उठायचो. जन्मात एकदा खरं बोललो आणि एका माणसाचं गाणं बंद पाडलं, असं वाटत राहिलं.

शेवटी मामांचाच निरोप आला, चहाला या. गेलो तर गिटार मांडलेली होती. मामा नेहमीच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या उजव्या हाताला स्टूल टाकून मामी. पेडल मामींच्या पायाखाली होतं. साडी घोट्यापर्यंत वर खोचून त्या परीक्षेला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

“कधी दाबू तां आधीच सांगा,” त्या म्हणाल्या. “मगे माझ्यावर बोंबलू नकात.”

“सांगायचं नसतं ते,” मामा म्हणाले. “तुला कळेल.”

त्यांनी तार छेडली. काहीच ऐकू आलं नाही. मामींचा पाय टाचेवरच राहिला होता. कांडी तारेवर ठेवून मामा त्यांच्याकडे बघत थांबले. तार हलत होती, एवढंच दिसत होतं. आणि मग, बऱ्याच उशिरा, विझत आलेल्या तारेतून एक बारीकसा सूर खोलीत आला.

“उशीर झाला काय ओ?” मामींनी विचारलं.

सूर पूर्ण संपेपर्यंत मामांनी कांडी उचलली नाही.