सिंहाचा जबाब

खून-दरोडे विसरलो, पण पनवेलची ती सिंहाची केस काही डोक्यातून जात नाही.

ठाणे अंमलदाराला फोन आला, चर्चच्या सभागृहात नाटकाच्या तालमीत मारामारी चाललीय. आम्ही पोहोचेपर्यंत सगळं थंड. चर्चच्या सण समितीचे अध्यक्ष मात्र तापलेले. सणासाठी बसवलेलं नाटक त्यांच्या चर्चच्या संत बाईंचं. रोमन राजवटीत श्रद्धेपायी त्यांना सिंहांपुढे टाकलं होतं. नाटक लिहिणाऱ्या निवृत्त मास्तरांनी शिपाई येताच बाईंना आधी पळताना दाखवलं होतं.

"आमच्या संताला भित्री ठरवतो! धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा घ्या. वर माझ्यावर भाला फेकला!"

गुन्हा दाखल झाला असता तर मास्तरांना या वयात कोर्टाच्या पायऱ्या, आणि नाटकही बंद.

अध्यक्षांनी बाईंच्या चरित्राची तीन पुस्तकं टेबलावर आपटली. तिन्हींत बाई हसत जातात, सिंह पायाशी बसतात. वाक्यंसुद्धा तीच. तीन साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलले की आम्ही विचारतो, पढवलं कोणी?

"एकावरून एक उतरवलंय, साहेब, तेही शेकडो वर्षांनी," मास्तर म्हणाले. "मी घेतलेली हकिगत बाईंच्याच मंडळीतल्या माणसाची, त्या गेल्यावर लगेच लिहिलेली."

"तो खोटं लिहिणार नाही कशावरून?" मी विचारलं.

"आपल्याच माणसाचं पळणं मुद्दाम कोण लिहील?"

मुद्दा पटला. पण भाला उरला होता. दुसऱ्या दिवशी समितीच्या लोकांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. एकाने भाला छातीत लागलेला पाहिला, दुसऱ्याने रक्त. तिसरा त्या वेळी करंजाड्याला होता, आणि सर्वांत सविस्तर तोच बोलला! शेवटी आला नाटकातला सिंह, म्हणजे अध्यक्षांचाच विचुंब्याचा ड्रायव्हर.

"सिंहाच्या तोंडातून नुसते पाय दिसतात, साहेब. मास्तर वरडले, शेठनी त्यांना ढकलला, हातातला भाला पडला, मी पलालो."

"पळालास?"

"मंग! भाला थर्माकोलचा हाय, ता मागून समजला."

मालकाच्या विरुद्ध, तेही स्वतःचं हसं करून घेऊन बोलणारा साक्षीदार! मी तोच जबाब खरा धरला. अध्यक्षांना म्हटलं, "अहो, एका दिवसात थर्माकोलने रक्त काढलं. मग शेकडो वर्षांत सिंह पायाशी बसले तर नवल काय?"

ते ओशाळले. चडफडत का होईना, तक्रार मागे घेतली.

सणाच्या दिवशी मला त्यांच्या शेजारी बसवलं. बाई पळाल्या तेव्हा कुजबुज झाली. मग त्या एकट्याच परत आल्या, आणि शिपायांसमोर उभ्या राहिल्या. लोक मागाहून शौर्य वाढवून सांगतात, भीती सहसा कोणी वाढवत नाही, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

अध्यक्ष खिशात रुमाल चाचपत होते. "साहेब," ते हळूच म्हणाले, "एकदा पळाल्यावर परत यायला किती छाती लागली असेल हो!"