बखरी तपासणारे साडू

खरं बोलून माणसांना हैराण करण्याची विद्या आमच्या साडूंइतकी अवघ्या आयर्लंडात कोणाला साधली नसेल. रिंगास्किडी बंदरावरच्या एका औषधांच्या कारखान्यात ते क्वालिटी तपासणीत आहेत. डोळ्यांदेखत झालं तेवढंच लिहायचं, खाली काम करणाऱ्याची सही आणि शेजारी ते पाहणाऱ्याची, असा तिथला दंडक. तो पाळून माणसाने घरी यावं, वरणभात जेवावा आणि झोपावं. पण साडूंना इकडच्या मध्ययुगीन बखरी वाचायचा नाद लागला आणि त्याही त्यांनी गोळ्यांसारख्या तपासायला घेतल्या. "हा पाद्री बघा," आमटी वाढता वाढता ते सांगणार, "मठाची भिंत ओलांडून कधी गेला नाही, आणि लिहितो काय, तर रक्ताने नदी लाल झाली! पाहिली कोणी?" सरदारांवर त्यांचा राग त्याहून मोठा. "आणि हा तुमचा सरदार! प्रत्येक लढाईत हाच पुढे. बाकीचे काय घोड्यांना चारा घालत होते?" तुमचा म्हणजे माझा. कुठलाही थापाड्या सरदार शेवटी माझ्याच गळ्यात पडतो.

रविवारी ते आम्हाला गाडीत कोंबून वॉटरफोर्डच्या बाजूचे पडके मठ दाखवायला नेतात. पाऊस असतोच. एकदा तिथल्या म्हाताऱ्या गाइडने रंगात येऊन सांगितलं की सैन्य मुडद्यांवरून चालत नदीपार गेलं. साडूंनी लगेच नदीची रुंदी विचारली. गाइड हसला, "आह शुअर, गोष्ट तर ग्रँड आहे ना!" आमच्या इथल्या मराठी मंडळात पुण्याहून दोन तासांत महाबळेश्वर गाठल्याचं सांगणाऱ्या एकाला त्यांनी इतकं खोदलं, की बिचारा शेवटी "बहुतेक मी गेलोच नव्हतो" म्हणाला.

म्हणूनच सासूबाई गेल्यावर सासरे, म्हणजे आमचे मामाजी, नागपूरहून साडूंकडे राहायला आले, तेव्हा दोघी बहिणींनी धसका घेतला. मामाजी धड जेवत नव्हते, बोलत नव्हते. एकच गोष्ट त्यांना बोलतं करायची. नव्या नवरीला पायी गावी नेताना मोहाच्या झाडाखाली अस्वल आडवं आलं आणि त्यांनी छत्री उघडून ते पळवलं, ही. माझ्या लग्नात अस्वल एक होतं, मुलीच्या बारशापर्यंत दोन झाली. साडूंनी मध्येच काही विचारलं तर म्हातारा कायमचा मिटेल, ही भीती. मेव्हणीने नवऱ्याला बजावलं, "एक प्रश्न विचारलात तर याद राखा."

त्या रविवारी भाकरी मोडताना मामाजींनी गोष्ट काढली. अस्वलाचा वाघ झाला होता आणि छत्री सासूबाईंच्या हातात गेली होती. "तिनं उघडली छत्री, फाडकन! वाघ पयाला ना बापा!"

"कोणी पाहिलं?" साडूंच्या तोंडून गेलंच.

मेव्हणीने डोळे मिटून घेतले. मामाजी ताटाकडे बघत राहिले. "तिनंच पाह्यलं, जावईबापू. आता तिले कुठून आनू?"

साडूंनी घास खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पण मामाजी, वाघ दोन होते ना? सासूबाईंनी स्वतः सांगितलं होतं मला."

सासूबाई या जावयाशी "चहा घेता का" यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामाजींची मान वर आली. "हो हो, दोनच होते! तुमाले सांगतलं तिनं?" आणि त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

आता मामाजीही नाहीत. परवा मंडळाच्या जेवणात साडूंनीच ती गोष्ट सांगितली. वाघांचा कळप होता आणि मोहाच्या झाडामागे साडू स्वतः उभे होते, अगदी सरदारासारखे. इतक्या वर्षांचा सूड उगवायची संधी होती. मी विचारलं, "साक्षीदार कोण?"

"मी," ते म्हणाले आणि वाटीत बघू लागले.

मला मामाजींची फार आठवण झाली. म्हटलं, "बरोबर आहे. मीही होतो."