आम्ही की आपण

नागपूरच्या विमानतळावर आईनं मला जवळ घेतलं नाही. भर मे महिन्यात माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाली, “तिकडे थंडी असते.” बाबा उगाचच ट्रॉलीचं चाक तपासत राहिले.

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही. तो कंपनीच्या बसनं ऑफिसला गेला की अपार्टमेंटमध्ये मी आणि डिशवॉशर. अशात खालच्या मजल्यावरच्या ओदेत काकू भेटल्या. मूळच्या फ्रेंच. ‘काकू’ मीच म्हणायला लागले, आणि त्यांना ते भलतंच आवडलं. तरुणपणी पॅरिसमध्ये त्या मासिक काढायच्या. त्यात विरामचिन्हं नसत, एखादं पान मुद्दाम उलटं छापलेलं असे, एक अंक तर चक्क कोरा. लोक हसले, छापखानेवाले वैतागले, पण बाई हटल्या नाहीत. लग्न करून अमेरिकेत आल्यावरही अंक काढत राहिल्या. स्वतः लिहिलेली पुस्तकं मोजक्याच लोकांनी वाचली, त्याचं त्यांना काही वाटत नसे.

मागच्या वर्षी त्यांनी शेवटचा अंक काढायला घेतला. त्यात एक पान वाचकांना अनोळखी लिपीत हवं, म्हणून फ्रान्समधल्या आपल्या गावाविषयी इंग्रजीत लिहिलेला मजकूर त्यांनी मला मराठीत करायला दिला. पहिल्याच ओळीत मी अडले. ‘आमचं घर’ लिहू की ‘आपलं घर’? मी फरक समजावला: ऐकणारा त्या घरातलाच असेल तर आपलं, नसेल तर आमचं. जन्मभर भाषेची मोडतोड केलेल्या या बाईंनी तो कागद पुन्हा स्वतःकडे ओढला.

मग म्हणाल्या, “तिथे आता माझा भाऊ राहतो. त्याच्याशी बोलताना मी काय म्हणायचं?”

“ते तुम्हीच ठरवायचं, काकू.”

शेवटी त्यांनी दोन्ही शब्द एकावर एक छापले. धड एकही वाचता येत नाही.

तेव्हापासून माझे कान नको इतके तिखट झालेत. मागे राहिलेल्यांना हसू येईल, इकडे आलेल्यांना कळेल. परवा आई फोनवर सहज म्हणाली, “आम्ही घराला रंग देतोय.” पूर्वी साधा कूलर आणला तरी तो ‘आपण’ आणलेला असायचा. भांडणार तरी कुठल्या तोंडानं? ‘तुमच्याकडे ऊन फार आहे का’ असं मीच नाही का विचारत तिला?

तरी राहवलं नाही. “आई, आपल्या घराला कुठला रंग देतोय आपण?”

ती म्हणाली, “हॉलचं झालं आता. तुझी खोली ठेवली आहे तशीच. तू आली की ठरवू आपण.”