भिंतीकडे तोंड

आमच्या नाशिकच्या ऑफिसचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ सटाण्याकडचे. कोणी पासवर्ड टाकू लागलं, की ते मुकाट्याने भिंतीकडे तोंड करतात.

ऑडिटरच्या हट्टापायी त्यांनी प्रत्येक फाइलवर पहारा बसवला. कोणी उघडली, कोणी बदलली, सगळ्याची नोंद होऊ लागली. सर्व्हर इतका रखडला की साधं बिल निघेना. मी वैतागलो, "काढून टाका हो सगळं!"

"सगळं नाय साहेब. जिथं खरा धोका हाय, तिथं ठेवतो."

आमच्या फाइलींवरचे बहुतेक पहारे उठले. स्वतःच्या खात्यावरचा मात्र त्यांनी ठेवला, वर त्याची नोंद रोज माझ्या मेलवर लावून दिली.

"किल्ल्या सगळ्या माझ्याकडं. माझ्यावर कुणी नको का?"

ती मेल आली, की आता मीच भिंतीकडे तोंड करतो.