तहान नसन तर

अकोल्याच्या स्टँडजवळ तो उन्हाळाभर पाणपोई चालवते. रांजणाले ओलं फडकं गुंडाळते, पाण्यात वाळा टाकते अन् पहिला गिलास स्वतः चाखते. "लय कामं केली, आबाजी, पण माह्यं काम हेच हाय," म्हणते. मग रस्त्याकडं पाहून हाका मारते, "या भाऊ, थंडगार हाय!" लोक हातातली बाटली दाखवून पुढं जातेत. संध्याकाळी रांजणातलं सारं पाणी कडुलिंबाच्या बुडाशी ओतते, सकाळी पुन्हा भरते.

मी कोणाचं फुकट घेत नाही. तरी त्याच्याकडं रोज बिनातहानेचं पाणी पेतो. काल गिलास भरून त्यानं हात मागं घेतला.

"आबाजी, तहान नसन तर पेऊ नका. मले समजते."

अन् माह्या वाटचा गिलासही त्यानं कडुलिंबालेच ओतला.